काळ्याला काळी

मे महिन्यात बेळगावात टिळकवाडीच्या घरी भाच्याने जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि कॉम्प्युटर जोडायला बसला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, सगळं कुरिअरने आलेलं. कॅबिनेट मात्र माळ्यावरचं, २० वर्षांपूर्वीचं, माझं. त्यातली धूळ झटकून त्याने नवा बोर्ड आत ठेवला, तर स्क्रूच्या भोकाला भोक बरोबर जुळलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं.

हे जुळणं सुरू झालं मोठे कॉम्प्युटर बनवणाऱ्या आयबीएम कंपनीच्या घाईतून. छोट्या कॉम्प्युटरच्या बाजारात उतरायला कंपनीला उशीर झाला होता. १९८० मध्ये फ्लोरिडातल्या बोका रेटनच्या एका लहान गटाला वर्षभराची मुदत मिळाली. सगळं स्वतः घडवायला वेळच नव्हता. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपी ड्राइव्हही बाहेरचा. १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर झालेल्या त्या पीसीत कार्डं खोचायला पाच स्लॉट होते, आणि सर्किटच्या आकृत्या असलेलं जाडजूड पुस्तक आयबीएम स्वतःच विकत होती. खास स्वतःचं म्हणावं असं उरलं ते बायोस, म्हणजे बटन दाबल्यावर मशीन जागं करणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम. तेही कॉम्पॅक नावाच्या कंपनीने कायद्यात राहून नव्याने लिहून घेतलं: एका गटाने ते काय काय करतं एवढंच टिपून दिलं, आणि मूळ ओळी कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवं बायोस लिहिलं. १९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने असं बायोस इतर कंपन्यांनाही देऊ केलं. गल्लीबोळातल्या असेंबल्ड पीसीचं मूळ इथे आहे. १९८७ मध्ये आयबीएमने स्वतःच्याच रचनेचे पीएस-२ कॉम्प्युटर आणून दार ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तोवर सगळे बाहेर पडले होते.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयात थोडी सैल झाली, १९९१ नंतर आणखी. १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान करारानंतर बहुतेक सुट्या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आलं. बेळगावला मुंबई आणि बंगळूर दोन्ही साधारण ५०० किलोमीटर. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातला माल आणि बंगळूरच्या एसपी रोडचा माल, दोन्ही रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी इथे उतरायचा. गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं, उद्यमबागेतले कारखानदार आणि लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले. या डीटीपीवाल्यांना एकाच मशीनवर मराठी आणि कन्नड दोन्ही लागायचं. शिवाय फाँटच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालायचं नाही असा एक छोटा जोड, प्रिंटर पोर्टला लावायचं असे. नव्या बोर्डांवरून तो पोर्ट गेला तरी कित्येकांनी जुनं मशीन सोडलं नाही, ते त्यामुळेच.

मी पहिला बोर्ड जोडला तो शहापूरच्या एका माडीवर. तो एटी बोर्ड होता, म्हणजे त्या वेळच्या जुन्या पद्धतीचा. पॉवर सप्लायमधून सहा-सहा वायरींचे दोन प्लग यायचे आणि शेजारी शेजारी बसायचे. त्यांची अदलाबदल झाली तरी अडवणारं काही नव्हतं. खूण एकच: दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. शिकवणारे काका सांगायचे, "काळ्याला काळी लाव, मगच बटन दाब." एकदा मी गप्पांच्या नादात उलटं लावलं. आवाज काही झाला नाही, नुसता वास आला. तो वास अजून नाकात आहे. बोर्डाचे पैसे काकांनी माझ्याकडून हप्त्याने घेतले.

ही भानगड संपवली इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स या बोर्डाच्या नव्या नमुन्याने. २० पिनांचा एकच प्लग, एकाच बाजूने बसणारा. पुढे त्याचे २४ पिन झाले. बोर्डाची मापं ठरली, जास्तीत जास्त ३०५ बाय २४४ मिलिमीटर, आणि भोकांच्या जागाही ठरल्या. प्रोसेसरचे सॉकेट बदलले, रॅमच्या पट्ट्या बदलल्या, हार्ड डिस्कची रुंद पट्टीसारखी केबल गेली. भोकं जागच्या जागी राहिली. लहान बोर्ड आले तेही यातल्याच काही भोकांवर बसतात.

भाच्याच्या बोर्डावर न बसलेली वस्तू एकच निघाली. कॅबिनेटच्या पुढच्या दिव्याचा प्लग तीन पिनांचा, मधली रिकामी. नव्या बोर्डावर जागा दोनच पिनांची. त्याने तो तसाच लोंबता ठेवला आणि बटन दाबलं.

"मामा, लाइट लागंना," तो म्हणाला, "खरं मशीन चालूलालंय."