पिकअप उंच झाली, हाउसिंग तिथंच

पाणंदीच्या ओल्या काळ्या मातीत पिकअप अडकते ती बहुतेक वेळा हाउसिंगमुळे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीमुळे. चाकं चाकोरीत उतरत जातात, मधला वरंबा तसाच राहतो आणि मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग त्यावर टेकतं. चाकावर मग वजनच उरत नाही, ते जागच्या जागी फिरत राहतं. यावर उपाय म्हणून जालना, बीड, लातूरकडे पाटे (चेसिसखालच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उचलून घ्यायची पद्धत आहे.

पाटे उचलले की वर जाते ती चेसिस. डिझेलची टाकी, सायलेन्सर, बंपर वाचतात आणि ओढ्याच्या उतारावर पुढचं तोंड घासत नाही. एवढा फायदा खरा. हाउसिंग मात्र चाकाच्या मध्याला बांधलेलं असतं, ते होतं तिथंच राहतं. त्याला वर न्यायचं तर टायर मोठा हवा, आणि तिथंही फायदा निम्माच. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास साधारण ७०४ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३४ मिमी. व्यास ३० मिमी वाढला, हाउसिंग १५ मिमी वर गेलं. बदल्यात ओढ सुमारे ४ टक्के घटते, आणि जुन्या टायरला बरोबर असलेला वेगाचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२-६३ ला असते. चिकट मातीत तर व्यासापेक्षा नक्षी महत्त्वाची: खाचा रुंद आणि खोल हव्यात, नाहीतर दोन फेऱ्यांत त्या मातीनं भरून टायर गुळगुळीत होतो. नवा टायर घेताना बाजूवरचा लोड इंडेक्स पाहा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००. दिसायला दणकट असलेल्या टायरचा इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी निघाला, तर मालाच्या गाडीला तो चालत नाही.

आता माल. उंची आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा त्या एकच समजल्यानं होतो. समजा एका बाजूचे पाटे १ सेंमी दबायला ६० किलो लागतात. रिकाम्या गाडीत त्या बाजूवर २४० किलो आहेत, म्हणजे दाब ४ सेंमी. सोयाबीनची १ टन पोती भरली आणि निम्मं वजन या बाजूला आलं, तर आणखी ८ सेंमीच्या वर दाब. जादा पाटा घालून ताठपणा ८० किलोवर नेला की मालाखाली गाडी ६ सेंमीच बसते, छान वाटतं. पण रिकामी असताना तिची उसळी सेकंदाला सुमारे २.५ वरून २.९ वर जाते. अशा ताठ गाडीची चाकं मग दगडावरून उडतात, आणि हवेतलं चाक ना ओढतं ना ब्रेक लावतं.

जाड पाटा घालणं आणखी महागात पडतं. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: ७ मिमीऐवजी ८ मिमी पाटा घेतला तर जवळपास दीडपट. तेवढाच वाकवला तर त्यातला ताणही १४ टक्के जास्त. खड्ड्यातून चाक खूप खालीवर होतं, म्हणून खडबडीत वाटेवर जाड पाटा लवकर तडकतो. दोन्ही कामांच्या गाडीला मूळच्याच जाडीचे, जास्त कमानीचे पाटे आणि वर हेल्पर (माल चढल्यावरच टेकणारा जादा पाटा), ही जोडी बरी. साधारण अर्धा माल चढल्यावर हेल्पर टेकावा. कमान वाढवली की हेल्पर आणि चेसिसवरचा त्याचा टेकू यांतलं अंतरही वाढतं. तेवढी पॅकिंग टेकूखाली दिली नाही तर हेल्पर नुसता मिरवतो. जुनेच पाटे भट्टीत तापवून कमान चढवून घेऊ नका. स्प्रिंग पोलादाची ताकद त्याच्या उष्णता-प्रक्रियेत असते, ती भट्टीत जाते आणि पाटे पुन्हा बसतात. तुटलेला पाटा वेल्ड करण्याबद्दल तर बोलायलाच नको.

लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) हा स्वस्त मार्ग. शॅकल ५० मिमी वाढवली तर गाडी २५ मिमीच उचलते, आणि हाउसिंगचं तोंड वर फिरतं. गिअरबॉक्सकडून हाउसिंगकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वाकून फिरणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे असतील तर एकाचा गतीतला चढउतार दुसरा खोडून काढतो. १० अंशाला हा चढउतार दीड टक्का, १५ अंशाला साडेतीन. कोन बिघडले की ठरावीक वेगाला खालून घरघर सुरू होते आणि क्रॉस लवकर जातात. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये २-३ अंशांची पाचर घालून कोन जुळवतात. मधलं बेअरिंग असेल तर त्याचा ब्रॅकेटही खाली घ्यावा लागतो.

इसुझू डी-मॅक्स किंवा टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांना पुढे कॉइल असते. तिथं वरचा स्पेसर २५ मिमीचा असला तरी गाडी त्याहून बरीच जास्त उचलते, कारण स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसते. ५० मिमीच्या पुढे गेलात तर बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट टिकत नाहीत. कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकाव, कमी झाला की वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही. अलाइनमेंट करून घ्याच.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. अनेक पिकअपला तो चेसिसवर असतो आणि एका दांडीनं अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. चेसिस खाली बसली की त्याला माल कळतो, आणि मागे जास्त दाब जातो. गाडी ५० मिमी उचललीत तर भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते आणि मागचे ब्रेक अर्धवट लागतात. दांडीचा ब्रॅकेट तेवढाच सरकवावा लागतो. ब्रेकचा होस, हँडब्रेकची केबल आणि हाउसिंगची ब्रीदर नळी अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळत असताना ताणत नाहीत ना, तेही पाहा.

कापसाच्या गाडीला उंची आणखी नडते. चाकांमधलं अंतर १.४५ मीटर आणि मालासह गुरुत्वमध्य १.२ मीटरवर असेल, तर ढोबळ हिशेबानं गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट बाजूच्या ओढीला गाडी कलंडते. रिकामी असताना हाच आकडा ०.९ च्या पुढे असतो. ५ सेंमी लिफ्टचा तोटा थोडा, पण तो आधीच काठावर असलेल्या गाडीत पडतो. टाकीतलं पाणी तर वळणावर सरकतंही. पिकअपवरची टंचाईतली टाकी एकतर काठोकाठ भरलेली असावी किंवा आत पडदे असावेत. १००० लिटर म्हणजे १ टन, टाकीचं वजन वेगळं.

पाटे वाढवून आरसीवरचं वजन वाढत नाही. बेअरिंग, ब्रेक, हाउसिंग तेच असतात. जादा मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा निर्बंध आहे, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्या.

बसवताना पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. चारही नट तिरप्या जोडीनं, थोडे थोडे, टॉर्क पान्यानं आवळा. ते सैल राहिले की पाटा नेमका सेंटर बोल्टच्या भोकात तुटतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका, चाकं जमिनीवर टेकून गाडी आपल्या उंचीवर बसल्यावर आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं. ५०० किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा तपासा.