काउंटरवरून सर्व्हरशी जोडणी होत नसल्यास: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमची बिलिंग प्रणाली वापरणाऱ्या दुकानांत सर्व नोंदी सर्व्हर म्हणून नेमलेल्या एकाच संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या असतात आणि बाकीचे काउंटर (बिलिंगचे संगणक) लॅनमधून, म्हणजे दुकानातल्या अंतर्गत नेटवर्कमधून, त्याच्याशी जोडले जातात. त्यामुळे एखाद्या काउंटरवर जोडणी न झाल्याचा संदेश आला, तर डेटा गेला असे लगेच समजू नये. बहुतेक वेळा डेटा जागेवरच असतो, काउंटर तिथपर्यंत पोहोचत नसतो. अशा वेळी प्रणाली काढून पुन्हा इन्स्टॉल करू नये, कारण त्यामुळे मूळ दोष तसाच राहतो आणि आधीच्या सेटिंग्ज मात्र पुसल्या जातात.

प्रथम पाहावे ते हे, की अडचण एकाच काउंटरवर आहे की सगळ्यांवर. एकाच काउंटरवर असेल तर सर्व्हरला हात लावू नये. त्या काउंटरची लॅन केबल, स्विचवरील दिवा आणि आयपी पत्ता (नेटवर्कवरील संगणकाचा क्रमांक) पाहावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. सगळे काउंटर एकदम अडले असतील, तर सर्व्हरजवळ जाऊन तिथे प्रणाली उघडते का ते पाहावे.

सर्व्हरवरही ती उघडत नसेल, तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ या यादीत एसक्यूएल सर्व्हरची सेवा ‘रनिंग’ आहे का ते तपासावे. ती बंद असल्यास ‘स्टार्ट’ करावी आणि ‘स्टार्टअप टाइप’ ‘ऑटोमॅटिक’ असल्याची खात्री करावी. सेवा सुरू होऊन लगेच थांबत असेल, तर सी ड्राइव्हवर जागा उरली आहे का ते पाहावे. जागा करण्यासाठी एलडीएफ प्रकारची फाइल मात्र कोणत्याही परिस्थितीत पुसू नये; ती नावाला लॉग फाइल असली तरी डेटाबेसचाच भाग आहे.

सर्व्हरवर प्रणाली व्यवस्थित चालते आणि काउंटरवर चालत नाही, ही तक्रार आमच्याकडे सर्वाधिक येते. त्याच संगणकावरची जोडणी नेटवर्कला वळसा घालून होऊ शकते, म्हणून तिथे सगळे ठीक दिसते. एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी आयपी हा नेटवर्कवरून जोडणीचा मार्ग सुरुवातीला बंदच असतो. तो ‘एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर’मधून सुरू करावा लागतो आणि त्यानंतर सेवा रीस्टार्ट केल्याशिवाय बदल लागू होत नाही. हे काम आम्ही बसवतानाच करून देतो. त्यामुळे काल चालणारे आज बंद पडले असेल, तर कारण बहुधा फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी विंडोजची सुरक्षा) किंवा आयपी पत्ता यांतले असते. नवा राउटर बसवला, की विंडोज त्या नेटवर्कला नवे समजून ‘पब्लिक’ गटात टाकू शकते आणि मग केवळ ‘प्रायव्हेट’ गटासाठी दिलेली फायरवॉलची परवानगी लागू होत नाही. अशा वेळी फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो आम्हाला मान्य नाही. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करावे आणि टीसीपी १४३३ व यूडीपी १४३४ या दोन पोर्टना (जोडणीच्या क्रमांकित वाटांना) येणाऱ्या जोडणीची परवानगी असल्याची खात्री करावी. १४३३ हे डेटाबेसचे नेहमीचे पोर्ट आहे. १४३४ वर एसक्यूएल सर्व्हरची ‘ब्राउझर’ सेवा काउंटरला इन्स्टन्सचा (सर्व्हरवर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरच्या प्रतीचा) ठावठिकाणा सांगते. संदेशात २६ हा क्रमांक असेल, तर ही सेवा बंद असण्याची किंवा तिची वाट अडलेली असण्याची शक्यता आधी तपासावी. काउंटरवर सर्व्हरचे नाव न देता आयपी पत्ता भरलेला असेल, तर राउटर बदलल्यावर तो पत्ताही बदललेला असू शकतो. म्हणून सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा. पिंगला (संगणकापर्यंत पोहोचता येते का ते पाहणाऱ्या चाचणी-संदेशाला) उत्तर आले नाही म्हणजे सर्व्हर बंद आहे असे मात्र नव्हे, कारण फायरवॉल पिंगही अडवू शकते.

१८४५६ क्रमांकाचा संदेश वेगळा. तो आला म्हणजे सर्व्हर सापडला, त्याने उत्तरही दिले, पण लॉगिन नाकारले. तेव्हा केबल आणि फायरवॉल तपासण्यात वेळ घालवू नये. नाकारण्याचे नेमके कारण काउंटरवर मुद्दाम दाखवले जात नाही, ते सर्व्हरवरील ‘एररलॉग’ या फाइलमध्ये नोंदले जाते. आम्हाला फोन करताना संदेशाचा फोटो, अडचण किती काउंटरवर आहे ही माहिती आणि शक्य असल्यास ही फाइल तयार ठेवावी. पासवर्ड मात्र व्हॉट्सॲपवर पाठवू नये.