सरीसृपांच्या पेटीभोवतीचे माशी-नियंत्रण

पाळीव सरडे, साप व कासवे यांच्या पेटीत किंवा तिच्या आसपास माश्यांची पैदास होऊ न देणे आणि झालेली पैदास प्राण्याला अपाय न करता मोडून काढणे, असे या विषयाचे स्वरूप आहे. घरातील माश्यांवर सर्रास केले जाणारे बहुतेक उपाय येथे निषिद्ध ठरतात. कारण औषध फवारल्यावर माणूस खोलीबाहेर जातो, कुत्रा किंवा मांजर दूर पळते, पण पेटीतल्या प्राण्याला तीच हवा घेत तेथेच राहावे लागते. शिवाय सरीसृपांचा चयापचय सस्तन प्राण्यांच्या मानाने मंद असल्याने शरीरात गेलेले विष बाहेर पडण्यास वेळ लागतो. म्हणून माशी मारण्यापेक्षा तिला अंडी घालण्यास जागा न ठेवणे हेच या नियंत्रणाचे मुख्य अंग आहे. भारतात स्टार कासवासारखे देशी सरीसृप पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार मनाई आहे. त्यामुळे येथील घरांत हा प्रश्न मुख्यतः बिअर्डेड ड्रॅगन, हिरवा इग्वाना, बॉल पायथन, लाल कानांचे कासव अशा विदेशी प्राण्यांच्या संदर्भात उद्भवतो.

पेटीभोवती दिसणारी प्रत्येक माशी एकाच कारणाने आलेली नसते, आणि ती ओळखल्याशिवाय केलेला उपाय वाया जातो. तांबड्या डोळ्यांची, पिवळसर तपकिरी रंगाची लहान चिलटे (ड्रॉसोफिला) पिकलेल्या फळांवर व आंबलेल्या भाजीवर येतात. आंब्याच्या दिवसांत साली उघड्या राहिल्या की ती घरभर होतात आणि पेटीकडेही वळतात. डासासारखी नाजूक, काळसर आणि मातीलगत अडखळत उडणारी माशी दिसली, तर ती बुरशीवर जगणारी फंगस नॅट असून तिच्या अळ्या कोकोपीट किंवा कुंडीतील ओल्या मातीत असतात. पाठीला कुबड असलेली आणि हुसकावली असता उडण्याऐवजी झटके देत पळणारी माशी फोरिड कुळातील असते. मेलेली झुरळे, रातकिडे व कुजलेले मांस ही तिची पैदाशीची ठिकाणे होत. घरमाशी विष्ठेवर येते. धातूसारखी चमकणारी हिरवी किंवा निळी माशी मात्र मांसाच्या वासाने येते आणि सर्वांत अधिक काळजी तिचीच घ्यावी लागते, कारण ती जिवंत प्राण्याच्या जखमेतही अंडी घालू शकते.

उष्ण हवेत घरमाशीचे अंडे एका दिवसाच्या आत उबते आणि सात ते दहा दिवसांत त्यापासून पूर्ण वाढलेली माशी तयार होते. ड्रॉसोफिलाला 25 अंश सेल्सिअस तापमानात सुमारे दहा दिवस लागतात. सरीसृपांच्या पेटीत तापदिव्याखालची ऊब आणि पाण्याच्या भांड्याजवळचा ओलावा या दोन्ही गोष्टी बाराही महिने असतात. म्हणजे बाहेर पावसाळ्यात माश्यांना जी अनुकूलता मिळते, ती येथे कायमची असते. यावरूनच स्वच्छतेचे वेळापत्रक ठरते. विष्ठा दिसताच उचलावी, भाजीपाला व फळांच्या फोडी त्याच दिवशी काढाव्यात, आणि सापाने न गिळलेला उंदीर पेटीत रात्रभर ठेवू नये. अंडी उबून अळ्या मातीत उतरण्यापूर्वी अन्न हलवले, तर पुढची सारी साखळी तुटते. अळ्या एकदा तळथरात शिरल्या की तो संपूर्ण थर बदलण्याची वेळ येते. काढलेला कचरा खोलीतल्या उघड्या डब्यात टाकणे म्हणजे पैदाशीची जागा हातभर सरकवण्यासारखे आहे. तो पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर जावा. पाणकासवांना वेगळ्या टबात खाऊ घातल्यास मुख्य टाकीत अन्न कुजत नाही, आणि गाळणीतील स्पंज नियमित धुतल्यास त्यातील गाळावर वाढणारी मोरीतली माशीही होत नाही.

पेटी निर्मळ असूनही माश्या कमी होत नसतील, तर पाळणाऱ्याने खाद्यकीटकांचे डबे पाहावेत. दोष बहुधा तेथे सापडतो. रातकिड्यांच्या डब्यात गाजराचे व बटाट्याचे तुकडे सडतात, तळाशी मेलेले किडे साचतात आणि त्यावर फोरिड माश्या वाढतात. लहान सरड्यांसाठी न उडणाऱ्या ड्रॉसोफिलाच्या बाटल्या घरी वाढवल्या जातात. उडण्याची ही असमर्थता अप्रभावी जनुकामुळे येत असल्याने बाहेरचे एखादे उडणारे चिलट बाटलीत शिरून त्याचे मीलन झाले, की पुढची पिढी उडू लागते. अशी बाटली टाकून नवी सुरू करावी, आणि बाटल्यांची तोंडे विणीच्या जाळीऐवजी घट्ट कापडाने बांधावीत. कॅल्शियमचे प्रमाण चांगले असल्याने खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांपैकी काही निसटून कोषात जातात, व काही दिवसांनी पेटीत गांधिलमाशीसारखी दिसणारी मोठी काळी माशी उडताना दिसते. ती चावत नाही आणि रोगही पसरवत नाही. सरड्याने ती खाल्ली तरी चालते. बाहेरून आलेली घरमाशी मात्र प्राण्याला मुद्दाम खाऊ घालू नये, कारण ती कोणत्या घाणीवर किंवा कोणत्या औषधावर बसून आली आहे हे सांगता येत नाही.

जाळी हा दुसरा अडसर होय. खिडकीची साधी जाळी घरमाशीला रोखते, पण ड्रॉसोफिला तिच्यातून सहज आत येतो. म्हणून पेटीच्या झाकणाला अतिशय बारीक जाळी लावण्याचा मोह होतो. त्यात एक धोका आहे: जाळी जितकी दाट, तितकी दिव्याची यूव्ही-बी किरणे अडतात. दिवसा हिंडणाऱ्या सरड्यांना व कासवांना जीवनसत्त्व ड-3 तयार करण्यासाठी या किरणांची गरज असते आणि ती कमी पडल्यास हाडे मऊ होण्याचा विकार जडतो. दाट जाळीने हवा खेळणेही मंदावते, ओल वाढते, आणि ओलीबरोबर बुरशीवरच्या माश्या येतात. यासाठी बारीक जाळी खोलीच्या खिडक्यांना लावणे आणि पेटीची जाळी तिच्या मूळ मापाची ठेवणे योग्य होय. खोलीत पंखा चालू ठेवल्यास लहान माश्यांना उडून स्थिरावणे कठीण जाते. त्याचा झोत मात्र पेटीवर येऊ देऊ नये.

सापळे उपयोगी असले तरी त्यांची जागा पेटीबाहेर आहे. वाटीत व्हिनेगर व भांड्याच्या साबणाचे थेंब घालून वर भोके पाडलेला कागद बसवला, की चिलटे आत जातात आणि साबणामुळे पृष्ठताण मोडल्याने बुडतात. फंगस नॅटसाठी पिवळे चिकट कागद परिणामकारक असतात. हेच कागद पेटीत टांगल्यास पाल किंवा लहान सरडा त्याला चिकटून कातडी फाटू शकते, आणि घाबरलेल्या प्राण्याला ओढून सोडवल्यास इजा आणखी वाढते. असे घडल्यास खाद्यतेल हळूहळू चोळून त्याला सुटे करावे. विजेच्या झटक्याने माश्या मारणारे यंत्र त्यांचे तुकडे सभोवार उडवते, म्हणून ते पेटीच्या खोलीत नसावे. काही पाळणारे पेटीजवळ दवबिंदू (ड्रॉसेरा) ही कीटकभक्षी वनस्पती ठेवतात. चिलटांवर ती काम करते. परंतु कासच्या पठारावर व कोकणातल्या सड्यांवर उगवणारी दवबिंदू त्यासाठी उपटून आणू नये, रोपवाटिकेत वाढवलेली घ्यावी.

रासायनिक कीटकनाशकांविषयी निःसंदिग्ध भूमिका घेणे आवश्यक आहे: सरीसृप असलेल्या खोलीत त्यांचा वापर करू नये. घरगुती फवाऱ्यांत व डासांच्या द्रव वेपोरायझरमध्ये पायरेथ्रॉइड गटातील द्रव्ये असतात. ती कीटकांच्या चेतातंतूंवर परिणाम करतात आणि सरीसृपांच्या चेतासंस्थेलाही त्यांची बाधा होते. अंग थरथरणे, तोल जाणे, लाळ गळणे, उताणे केले असता स्वतःहून सुलटे होता न येणे ही विषबाधेची लक्षणे होत. ती दिसताच प्राण्याला मोकळ्या हवेत नेऊन पशुवैद्याकडे न्यावे. डायक्लोरव्हॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक एके काळी सापांवरील गोचिडांसाठी पट्टीच्या रूपात पेटीत टांगले जात असे आणि त्यातून विषबाधा होत असत. भारतात त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंदी आहे. पेटीवर चादर टाकून खोलीत फवारणी करणे ही सुरक्षितता नव्हे. इमारतीत फवारणी अटळ असल्यास प्राणी दुसऱ्या घरी हलवावा, आणि खोली पुरती हवेशीर होऊन पृष्ठभाग पुसून झाल्यावरच परत आणावा. सरडे विषाने मंदावलेल्या माश्या सहज टिपतात, त्यामुळे शेजारच्या खोलीतला फवाराही निर्धोक नसतो.

‘नैसर्गिक’ म्हणून केल्या जाणाऱ्या उपायांनाही हाच नियम लागू आहे. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, धूप, कापूर, सिट्रोनेला किंवा निलगिरीचे तेल यांची वाफ बंद पेटीत कोंडते आणि श्वसनमार्गाला दाह करते. फरशी पुसण्याचे फिनाईल पेटीसाठी तर सर्वथा वर्ज्य आहे, कारण फिनॉलयुक्त द्रव्ये सरीसृपांना विषारी असतात. पेटी साबणाने धुऊन, मग पातळ ब्लीच किंवा क्लोरहेक्सिडीन लावून, भरपूर पाण्याने खळबळून पूर्ण वाळवावी. विष्ठा व लघवीचे क्षार धुतल्याशिवाय ब्लीच लावल्यास अमोनियाशी त्याची क्रिया होऊन घातक वायू निघतो, म्हणून हा क्रम मोडू नये.

जिवंत मातीच्या पेट्यांत जैविक उपाय चांगले लागू पडतात. डासांच्या अळ्यांसाठी वापरला जाणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस हा जिवाणू फंगस नॅटच्या अळ्यांनाही मारतो. त्याचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात क्रियाशील होते. फोरिड किंवा घरमाशीवर त्याचा भरवसा धरता येत नाही, हे येथे विसरू नये. स्टायनर्नेमा फेल्टी हे सूत्रकृमी आणि स्ट्रॅटिओलेलॅप्स हे भक्षक कोळीकिडेही मातीतल्या अळ्या मारतात. स्प्रिंगटेल व आयसोपॉड हे सूक्ष्म सफाईकामगार विष्ठा व बुरशी संपवून माश्यांचे अन्नच हिरावून घेतात.

हिरव्या किंवा निळ्या माश्या अधिक असतील, तर प्राण्याची रोज तपासणी करावी. बागेत मोकळ्या सोडलेल्या कासवाच्या कवचाची भेग, शेपटीचा बुंधा, विष्ठेने माखलेले अवस्करद्वार (मलमूत्र बाहेर पडण्याचे द्वार), तसेच सरड्याची भाजलेली किंवा चावलेली जखम येथे माशी तांदळाच्या कण्यांसारखी पांढरट अंडी घालते, आणि एका दिवसात अळ्या मांसात शिरू लागतात. अंडी चिमट्याने काढून जखम सलाईनने धुवावी, प्राण्याला जाळीच्या आत घ्यावे आणि विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. गुरांच्या जखमेत अळ्या पडल्यावर ग्रामीण भागात टर्पेंटाइन ओततात किंवा सीताफळाच्या पाल्याचा लेप लावतात. सरीसृपावर यांपैकी काहीही लावू नये. आयव्हरमेक्टिन हे गुरांना व कुत्र्यांना दिले जाणारे औषध कासवांना प्राणघातक आहे, म्हणून औषध देणाऱ्या वैद्याला प्राण्याची नेमकी जात सांगणे अत्यावश्यक ठरते.

घरातील माणसांचा धोकाही यात गुंतलेला आहे. निरोगी दिसणारे सरीसृपही विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू बाहेर टाकतात. अमेरिकेत 1975 मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर याच कारणाने बंदी आली. पेटीतल्या विष्ठेवर बसलेली माशी पुढे स्वयंपाकघरातील उघड्या अन्नावर बसू शकते. त्यामुळे पेटी स्वयंपाकघरात किंवा लहान मुलाच्या पाळण्याजवळ ठेवू नये, तिची भांडी जेवणाच्या भांड्यांच्या सिंकमध्ये धुऊ नयेत, आणि पेटीतले काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.