‘नववा लागला’ म्हणजे नऊ महिने झाले, असं नाही: बाळाचं लसीकरण, कार्ड आणि परत पाठवणी

मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात मी बरीच वर्षं आरोग्यसेविका होते. सुई टोचायला मिनिटसुद्धा लागत नाही. पण त्याआधीच बाळ दारातून परत जातं. कधी कार्ड नाही म्हणून, कधी आधार नाही म्हणून, तर कधी ‘तुमच्या गावाला जा’ म्हणून. यातली बहुतेक कारणं नियमात कुठेच नाहीत. हे आईवडिलांना माहीत नसतं, आणि कधीकधी टेबलापलीकडच्या माणसालाही नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

पात्रता एका ओळीत सांगता येते. सरकारी लस प्रत्येक बाळासाठी मोफत आहे. रेशनकार्ड, जात, उत्पन्न किंवा रहिवासी दाखला यांपैकी काहीही लागत नाही. आधार आणि जन्मदाखला असेल तर नोंद सोपी होते, पण नाही म्हणून डोस अडवता येत नाही.

वेळापत्रक कार्डावर छापलेलंच असतं. जन्मल्यावर क्षयरोगाची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), पोलिओचे थेंब आणि जुलाबांवरची रोटा. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या वेळी पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियाची पीसीव्हीही असते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि जीवनसत्त्व ‘अ’. 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पोलिओचे थेंब. 5 ते 6 वर्षांत पुन्हा त्रिगुणी, 10 आणि 16 व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी. जपानी मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नऊ महिन्यांच्या डोसाचा.

आपल्याकडे बाळाचं वय ‘लागला’ने मोजतात. 14 मार्चला जन्मलेल्या बाळाला 14 नोव्हेंबरला नववा महिना लागतो. घरात सगळे म्हणतात, ‘नववा चालू आहे, गोवराची लस देऊन घ्या.’ पण त्या दिवशी त्याचे आठच महिने पूर्ण झालेले असतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे 14 डिसेंबरला किंवा त्यानंतर द्यायचा. आईकडून आलेलं संरक्षण बाळाच्या अंगात तोवर शिल्लक असू शकतं आणि त्यात लस नीट धरत नाही. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा काही भागांत 6 ते 9 महिन्यांच्या बाळांनाही एक डोस दिला. तो साथीपुरता जास्तीचा होता. नियमित दोन डोसांत त्याची मोजणी नाही, ते दोन्ही नंतर घ्यावेच लागतात.

वरची तारीख मनाने घेतलेली नाही. ऊसतोडीला निघालेलं एक जोडपं दिवाळीनंतर असंच बाळ घेऊन आलं होतं. ट्रॅक्टर दोन दिवसांत निघणार होता. बाळाचे वडील बोटांच्या पेरांवर महिने मोजत होते आणि दर वेळी नऊच भरत होते, कारण ते मार्चपासून मोजत होते. मी कार्डावर लाल पेनाने ‘14 डिसेंबरनंतर कुठेही’ असं लिहून दिलं. ‘कुठेही’खाली दोन रेघा मारल्या.

एप्रिलमध्ये ते परत आले तेव्हा कार्डावर त्या लाल अक्षरांपुढची जागा कोरीच होती. कारखान्याजवळच्या केंद्रावर आई दोनदा गेली होती. एकदा सांगितलं, ‘गावाकडच्या सिस्टरकडून घ्या.’ दुसऱ्यांदा सांगितलं, ‘आज मुलं कमी आहेत, बाटली फोडता येत नाही.’ एक दिवसाची मजुरी बुडवून, कोयता खाली ठेवून आलेल्या बाईला हे उत्तर मिळालं. मला आजही त्याचा संताप येतो.

दोन्ही उत्तरं चुकीची होती. डोस देशात कोणत्याही सरकारी लसीकरण सत्रात मिळतो आणि स्थलांतरित बाळाला तो तिथेच द्यायचा असतो. गोवर-रुबेलाची बाटली एकदा द्रावण मिसळलं की चार तासांत संपवावी लागते, उरलेलं टाकून द्यावं लागतं, हे खरं आहे. बीसीजीचंही तसंच. पण सूचना स्पष्ट आहे: एकच बाळ आलं तरी बाटली उघडायची. लस वाया गेली तर तिचा हिशेब देता येतो. सिस्टर ऐकत नसतील तर शांतपणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला. तिथेही नाही जमलं तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा 104 क्रमांक.

त्या बाळाला तेरा महिन्यांचं असताना गोवर-रुबेला दिली. राहिलेलं पोलिओचं इंजेक्शन, पीसीव्ही आणि जीवनसत्त्व ‘अ’ही त्याच दिवशी दिलं.

यातूनच पुढचा गैरसमज निघतो. डोस चुकला की पुष्कळ घरी वाटतं, आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल किंवा मुदत गेली. यातलं काहीच होत नाही. जिथे थांबला तिथून पुढे. पेंटाचा पहिला झाला आणि चार महिन्यांनी आलात, तर दुसरा मिळतो. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे हवेत, जास्त गेले तर चालतं. वयाच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवा. बीसीजी एक वर्षापर्यंत. पेंटा, रोटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा, मग पुढचे उशिरा आले तरी पूर्ण करता येतात. पेंटा सुरूच झाली नसेल तर एक वर्षानंतर त्रिगुणी, ती सात वर्षांपर्यंत. गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत. बीसीजीचा वण उठला नाही म्हणून ती परत घ्यायची गरज नाही.

सर्दी, थोडा खोकला, किरकोळ ताप किंवा जुलाब असले तरी लस देता येते. ‘दात येतायत’ म्हणूनही थांबू नका. एका दिवशी तीन सुया बघून आजी कळवळते, ते मला समजतं. पण तीन वेगवेगळ्या लशी एका दिवशी दिल्याने बाळाला धोका नसतो, उलट दोन फेऱ्या वाचतात. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. सुईच्या जागी हळद, तेल, शेक काही नको.

कार्ड हरवलं तर

कार्ड हरवलं म्हणून डोस थांबत नाही. गरोदरपणात नोंदणी केली तेव्हा मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डाची एक प्रत उपकेंद्रात राहते, शिवाय नोंदवहीत बाळाची ओळ असते. आशाताईंना गाठा, जन्मतारीख आणि आईचं नाव सांगा, नवीन कार्ड भरून मिळतं. त्याला पैसे लागत नाहीत. दवाखान्यात दिलेले जन्माचे डोस डिस्चार्ज कार्डावर असतात, ते फेकू नका. कुठेच नोंद सापडली नाही, तर डोस झालाच नाही असं धरून वयाप्रमाणे पुन्हा देतात. जास्तीचा डोस बाधत नाही.

आता नोंद यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरही होते. पालक मोबाईल नंबर देऊन स्वतः नोंदणी करू शकतात, नाहीतर सत्रात सिस्टर करतात. पुढच्या डोसाचा मेसेज येतो आणि क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. अडचण नंबराची असते. शेजाऱ्याचा, दुकानदाराचा किंवा चार महिन्यांनी बंद पडणारा नंबर दिला, तर ओटीपी भलतीकडे जातो. आई किंवा वडिलांचा कायम चालू राहणारा नंबरच द्या.

दुसरी अडचण नावाची. बारशाआधीच्या नोंदीत बाळ ‘अमुक यांचं बाळ’ असतं आणि पुढे तसंच राहतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश आणि पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव वर्षाच्या आत घालून घ्या, तोवर फी नाही. मग तेच नाव आणि तीच जन्मतारीख यू-विनमध्ये दुरुस्त करून घ्या.

आईला बाळंतपणासाठी पैसे देणाऱ्या मातृवंदना योजनेच्या दुसऱ्या हप्त्याचे अर्ज परत येतात, त्यातही कार्डच अडतं. पहिल्या बाळासाठी 3000 आणि 2000 असे दोन हप्ते आहेत. दुसऱ्या हप्त्यासाठी जन्मनोंद आणि 14 आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण हवेत. डोस झालेले असतात, पण कार्डावर तारखेऐवजी नुसती बरोबरची खूण असते. अर्ज भरण्याआधी तिसऱ्या पेंटापुढे तारीख आहे का, ते बघा.

खासगी डॉक्टरांना आणि माझ्या सिस्टर मैत्रिणींना एक विनंती. ‘लस दिली, एक महिन्याने या’ एवढंच लिहू नका. लशीचं नाव, कितवा डोस आणि पूर्ण तारीख लिहा. खासगीत घेतलेला डोस सरकारी केंद्रावर धरला जातो, पण तो वाचता आला तर. मूल पुढे परदेशात गेलं तर तिथली शाळा हीच नोंद मागते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गालगुंडाचीही लस लागते आणि ती आपल्या सरकारी गोवर-रुबेलात नसते.

गावाबाहेर कामाला निघताना कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आईच्या आणि वडिलांच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी बाळाच्या कपड्यांत ठेवा. ट्रंकेच्या तळाशी नको. निघण्याआधी सिस्टरकडून पुढच्या डोसाची तारीख लिहून घ्या. महिना नको, तारीख.