मांडीवरून सीटवर: लहान मुलांच्या कार सीटचे नियम का बदलत गेले

बाळंतीण माहेरून सासरी निघाली की मराठवाड्यात आजही गाडी केली जाते. परभणीहून लातूर असो की जालन्याहून बीड, बाळाला घेऊन बसायची जागा ठरलेली असते. पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. तिथे एसीचा वारा नीट लागतो, धक्के कमी बसतात, आईला पाय मोकळे सोडता येतात. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला कुंची, आणि मांडीवर. पुढे वर्षभरात जावळासाठी तुळजापूर किंवा परळी होते, तेव्हाही बाळ मांडीवरच असतं. आईच्या हातांपेक्षा सुरक्षित जागा नाही, हा विश्वास त्यामागे आहे.

हा विश्वास फक्त आपला नाही. अमेरिकेत मुलांसाठी गाडीतल्या सुरक्षेचा पहिला कायदा झाला, तेव्हा तो त्या कायद्यातही शिरला होता. कार सीटचे नियम समजून घ्यायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण गेल्या पन्नास वर्षांत हे नियम जितक्या वेळा बदलले, त्यातल्या बहुतेक बदलांनी मुलाला मांडीपासून आणि पुढच्या सीटपासून थोडं थोडं दूर नेलं.

गाडीत मुलांसाठी वेगळी बैठक १९३०च्या दशकातही मिळायची. पण तिचं काम मुलाला उंच बसवणं, म्हणजे त्याला खिडकीतून बाहेर दिसेल आणि ते चुळबुळ करणार नाही, एवढंच होतं. जीव वाचवण्याचा विचार १९६०च्या दशकात आला. १९५९ मध्ये व्होल्वोचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट आणला. आज आपण लावतो तो हाच. पण तो मोठ्यांच्या खांद्या-कमरेच्या मापाचा. मुलांच्या बाबतीत वेगळं काही करावं लागेल हे स्वीडनच्याच बर्टिल आल्डमन यांना सुचलं, आणि सुचलं ते अंतराळवीरांच्या आसनांवरून. जेमिनी यानात अंतराळवीर पाठीवर भार घेऊन झोपल्यासारखे बसत. धक्क्याचा जोर पूर्ण पाठीवर पसरायचा. मुलालाही गाडीत मागे तोंड करून बसवलं तर समोरून धडक बसल्यावर त्याचा भार सीटच्या पाठीवर जाईल, असा हा विचार. १९६४ मध्ये व्होल्वोने असा नमुना तयार करून पाहिला. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात ती याच परंपरेमुळे.

मागे तोंड का, हे नीट कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, मध्ये मऊ कूर्चा असते. समोर तोंड करून बसलेल्या बाळाची गाडी अचानक थांबली, तर छाती पट्ट्याने अडते आणि ते जड डोकं एकटं पुढे फेकलं जातं. सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकत्रच सीटमध्ये दाबली जातात आणि मानेला ओढ बसत नाही.

आता मांडीचा हिशेब. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असं धरा. १० किलोच्या बाळाला रोखून धरायला त्या क्षणी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. कुठल्याही आईच्या, कुठल्याही पैलवानाच्या हातात तेवढी ताकद नसते. आणि आईने स्वतः बेल्ट लावला नसेल तर तिचंच वजन बाळावर येतं आणि बाळ तिच्या व डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं.

अमेरिकेत टेनेसी राज्यातले बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी याच मुद्द्यासाठी वर्षानुवर्षं आमदारांचे उंबरठे झिजवले. त्यांच्या प्रयत्नांतून १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. मुलांना गाडीत सुरक्षित सीटमध्ये बसवणं सक्तीचं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. पण मतं मिळवताना त्यात एक सवलत शिरली: मोठं माणूस मुलाला हातात किंवा मांडीवर घेऊन बसलं तरी चालेल. डॉ. सँडर्स यांचा या सवलतीला कडाडून विरोध होता. ज्या गोष्टीपासून मुलांना वाचवायचं, तिलाच कायद्याने परवानगी दिली होती. १९८१ मध्ये ती सवलत काढून टाकली गेली, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले. ती सवलत काढून टाकण्यासाठीच्या चार वर्षांच्या लढाईचं मोल मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे अजून तीच लढाई व्हायची आहे.

सीट कशी असावी याचे नियमही बदलत राहिले. अमेरिकेचा पहिला मानक १९७१चा. त्यात सीटची खरी धडक-चाचणीच नव्हती, ती १९८१ पासून आली. युरोपात आर ४४ हा नियम १९८१ मध्ये लागू झाला. त्यात सीटचे गट वजनावर ठरले: १३ किलोपर्यंत एक, ९ ते १८ किलो दुसरा, पुढे १५ ते २५ आणि २२ ते ३६. मूल ९ किलोचं झालं की त्याला पुढे तोंड करून बसवायला मोकळीक. अडचण अशी की बाळसेदार मूल आठ-नऊ महिन्यांतच ९ किलोचं होतं, पण वजन वाढलं म्हणून मान पक्की होत नाही. म्हणून २०१३ मध्ये युरोपात आर १२९ हा नवा नियम आला. त्यात माप वजनाऐवजी उंचीवर आलं, १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड सक्तीचं झालं आणि बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही जोडली गेली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आधी सांगितलेली मर्यादा एक वर्ष आणि ९ किलोची होती. २०११ मध्ये ती दोन वर्षांवर नेली. २०१८ मध्ये तर वयाचा आकडाच काढून टाकला: सीटवर लिहिलेली उंची-वजनाची कमाल मर्यादा येईपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवा.

आकडे असे पुन्हा पुन्हा बदलले की आईबाप वैतागतात, आणि तज्ज्ञांनाच नक्की माहीत नाही असं म्हणून विषय सोडून देतात. ते समजण्यासारखं आहे, पण बरोबर नाही. प्रत्येक बदल एकाच दिशेने झाला आहे. मागे तोंड, जास्त काळ. मागची सीट, जास्त काळ.

मागच्या सीटचा आग्रह धरला जाण्यामागे आणखी एक कारण आहे, एअरबॅग. ती ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने फुगते. १९९०च्या दशकात अमेरिकेत पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसवलेली बाळं किरकोळ धडकेतही एअरबॅगच्या फटक्याने दगावली, आणि तिथून मुलांना मागे बसवण्याचा आग्रह सुरू झाला. आपल्याकडे हा धोका नवा आहे. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग हवी हा नियम नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना ३१ डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. म्हणजे त्यानंतरच्या कुठल्याही नव्या गाडीत, अगदी छोट्यातही, ड्रायव्हरशेजारी मांडीवर बसलेल्या बाळासमोर एअरबॅग आहे. सन व्हायझर खाली केलं की त्यावर बाळाच्या सीटवर फुली मारलेलं पिवळं-लाल चित्र दिसतं. ते याचसाठी असतं.

भारतातल्या नियमाची गोष्ट मात्र मराठवाड्याला थेट भिडते. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसरी गाडी धडकली. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी परळीत लोटलेला जनसागर अनेकांनी पाहिला आहे. मागच्या सीटवर बेल्ट लावण्याचा नियम त्याआधीही होता, पण तो कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. बेल्ट लावला असता तर मुंडे वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी रस्ते सुरक्षेच्या नव्या विधेयकाचा मसुदा आला. पुढे २०१६ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं, ते राज्यसभेत अडकलं, आणि अखेर २०१९ मध्ये मंजूर झालं. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीत कलम १९४ बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा सीटने बांधलेलं नसेल तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. देशाच्या कायद्यात मुलाच्या सीटचं नाव असं आलं.

महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच लागू केले नाहीत, ते डिसेंबर २०२१ मध्ये आले. मागच्या बेल्टची चर्चा पुन्हा पेटली ती ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बेल्ट न लावता अपघातात गेले तेव्हा.

कलम आलं, पण ते ढोबळ आहे. बेल्ट लावला तरी चालतो आणि सीट वापरली तरी चालते, असं म्हटल्याने तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट लावूनही कायदा पाळला जातो. तो पट्टा त्याच्या गळ्यावर येतो आणि खालचा पोटावर. धडकेत दोन्ही घातक. आपलं एआयएस ०७२ हे सीटचं मानक जुन्या आर ४४ वर बेतलेलं आहे, म्हणजे वजनाच्या गटांवर. कोणत्या वयाला कोणती सीट, मागे तोंड कधीपर्यंत, हे आपल्या कायद्यात स्पष्ट लिहिलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी, म्हणजे धडक-चाचणी घेऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारा आपला सरकारी कार्यक्रम, त्यातल्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे मागच्या सीटवर बसवले जातात आणि मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी गुण वेगळे दिले जातात. गाडी घेताना तारे सगळेच बघतात. मुलांच्या गुणांचा रकानाही बघावा.

दुचाकीचं तर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि आपल्या भागात ते मोटारीहून मोठं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट सक्तीचं आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पेट्रोलच्या टाकीवर मूल बसवून तालुक्याला जाणाऱ्यांपर्यंत हा नियम पोहोचलेलाच नाही.

सीट घेतली तरी ती आपल्या सवयींशी जुळवावी लागते. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं असेल तर पायांमधून येणारा पट्टा लागतच नाही. म्हणून आधी अंगावर साधं झबलं, मग पट्टे, आणि थंडी असेल तर दुपटं वरून. जाड स्वेटरवर पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत स्वेटर चेपतो आणि पट्टा सैल पडतो. खांद्यावरच्या पट्ट्याचा चिमटा घेऊन पाहावा. पट्टा चिमटीत आला तर तो सैल आहे. सीट जिथे गाडीच्या बेल्टने बांधली आहे तिथे धरून हलवावी. अडीच सेंटीमीटरहून जास्त सरकत असेल तर पुन्हा बांधावी. वैशाखात उन्हात उभ्या गाडीतलं बकल चटका देतं, म्हणून सीटवर सुती कापड टाकून ठेवावं आणि बाळाला बसवण्याआधी बकलला हात लावून बघावा.

समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, पूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ रोजी. वर मांडलेला १४० किलोचा हिशेब ताशी ५० किलोमीटरचा होता. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. भाड्याने केलेल्या गाडीत सीट मिळत नाही, ही खरी अडचण आहे, पण बाळाची सीट गाडीची नसते, घरच्यांची असते. ती उचलून कुठल्याही बेल्ट असलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर बांधता येते, आणि बाळंतिणीला आणायला निघालेल्या गाडीत ती आधीच नेता येते.