गिटारची जवारी कुठे लागते?

मागच्या पावसाळ्यात मी इलेक्ट्रिक गिटारवर जुन्या भावगीतांच्या चाली रेकॉर्ड करायला घेतल्या. शब्द नाहीत, गायक नाही, गाणं पूर्णपणे गिटारनेच म्हणायचं. रोज रात्री जेवणं आटोपली की बसायचो आणि रोज एकच रड असायची. वाजवताना बोटांखाली जिवंत वाटणारा स्वर लॅपटॉपवर ऐकला की गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलतंय असं वाटायचं. तारा बदलल्या, तार छेडायचं पिक बदललं, सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, वाढवून पाहिला. तेव्हा स्वर उजळ झाला नाही, नुसती खरखर वाढली. एका मित्राचं म्हणणं पडलं, टोन बोटांत असतो, रियाज वाढव. दुसरा म्हणाला, सोन्याचा मुलामा असलेली आठ हजारांची केबल घे, फरक बघ.

महिन्याभराने कारण सापडलं. गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या माझ्या ऑडिओ इंटरफेसला दोन प्रकारची इनपुट आहेत आणि मी गिटार ‘लाइन’ इनपुटमध्ये लावत होतो. तीच पिन शेजारच्या, गिटारचं छोटं चित्र असलेल्या इनपुटमध्ये लावली आणि गोधडी निघाली. गिटार तीच, बोटं तीच, चालही तीच. मग इतका फरक कशाने पडला? हे शोधताना मला जे कळलं ते इतकं सुंदर आहे की गिटारला कधी हात न लावलेल्या माणसालाही सांगावंसं वाटतं.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज हवेतून मायक्रोफोनमध्ये जात नाही. तारांखाली पिकअप असतो. त्यात चुंबकाचे तुकडे आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे असतात. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या एका पिकअपमध्ये साधारण ८,००० वेढे असतात आणि तार केसासारखी बारीक, जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं आणि आपण दहावीत शिकलेलं विद्युत चुंबकीय प्रवर्तन ते हेच.

इतकं बहुतेक पुस्तकांत असतं. खरी गंमत पुढे आहे.

वेढ्यांच्या गुंडाळीला विद्युतप्रवाहातला बदल सहज सोसत नाही, बदल जितका वेगाचा तितका ती जास्त अडवते. या गुणाला इंडक्टन्स म्हणतात आणि तो हेन्री या एककात मोजतात. माझ्या पिकअपचा इंडक्टन्स सुमारे २.५ हेन्री आहे. आता केबल पाहू. मी एक जुनी केबल कापून पाहिली. मध्ये तांब्याची तार, भोवती प्लॅस्टिक आणि त्यावर विणलेली तांब्याची जाळी. दोन वाहक आणि मध्ये विद्युतरोधक म्हणजे वीज साठवणारा कपॅसिटरच की! गिटारची केबल हा लांबच लांब ताणलेला कपॅसिटर आहे. त्याची साठवायची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या क्षुल्लक गोष्टीने काय होणार, असं वाटतं. पण होतं.

झोपाळ्यावर मूल बसलंय. त्याच्या ठरलेल्या लयीत हलका धक्का देत राहिलं तर झोका उंच जातो, लय चुकली तर जात नाही. गुंडाळी आणि कपॅसिटर जोडले की विजेचा असाच झोपाळा तयार होतो. ऊर्जा कधी गुंडाळीच्या चुंबकीय क्षेत्रात, कधी कपॅसिटरच्या विद्युतक्षेत्रात, अशी इकडून तिकडे झुलते. या झोपाळ्याची स्वतःची एक वारंवारता असते. तारेच्या आवाजातले जे अंश तिच्या जवळपास येतात ते उंचावतात आणि तिच्या वरचे झपाट्याने गळतात. यालाच अनुनाद म्हणतात.

ती वारंवारता काढता येते. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, त्याला ६.२८ ने गुणा आणि १ ला त्या उत्तराने भागा. माझी केबल ६ मीटरची, म्हणजे ६०० पिकोफॅरड, त्यात पिकअपचे स्वतःचे १०० मिळवले. उत्तर येतं सुमारे ३,८०० हर्ट्झ. केबल ३ मीटरची केली तर अनुनादाचं हेच शिखर ५,००० हर्ट्झवर जातं. साडेचार हेन्रीचा हम्बकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप आणि ६ मीटरची केबल घेतली तर ते २,८०० वर उतरतं. गिटारची टोनची कळ शून्यावर नेली की ०.०२२ मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर या जोडीला येऊन मिळतो आणि माझ्या गिटारचं शिखर थेट ७०० हर्ट्झच्या खाली घसरतं.

हे आकडे मुद्दाम दिले, कारण ते जिथे पडतात ती जागा महत्त्वाची आहे. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि आतल्या टोकाला पडद्याने बंद असते. तिचा स्वतःचा अनुनाद ३,००० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. पिकअप आणि केबलचं शिखर नेमकं याच पट्ट्यात सरकतं. एकाच सुरात ‘आ’ म्हणा आणि मग ‘ई’ म्हणा. स्वर तोच राहतो, तोंडाच्या पोकळीचा अनुनाद बदलतो आणि आपल्याला अक्षर वेगळं ऐकू येतं. गिटारमध्ये हे काम पिकअप आणि केबल करतात. शब्द नसलेल्या वाद्यसंगीतात तर गिटारची अक्षरं हीच.

मग लाइन इनपुटने काय बिघडवलं? त्या इनपुटचा रोध १० हजार ओहमच्या आसपास असतो आणि गिटारच्या इनपुटचा १० लाख ओहम. रोध कमी म्हणजे झोपाळ्यावरच्या मुलाचा पाय जमिनीला घासतोय. कितीही धक्के द्या, झोका चढत नाही. माझ्या पिकअपचा हिशेब केला तर लाइन इनपुटमध्ये १,००० हर्ट्झच्या पुढचं सगळं उतरणीला लागतं. शिखर तर नाहीच, कानाला सर्वांत प्रिय असलेला पट्टाही बुडतो. आणि न उमटलेलं शिखर नंतर ट्रेबल वाढवून परत मिळत नाही, सोबत खरखर तेवढी वाढते. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला तरी स्वर मंद होतो, त्याचंही मूळ इथेच आहे. त्या कळीतला रोध गुंडाळी आणि केबल यांच्या मध्ये येऊन बसतो.

म्हणजे केबलने टोन बदलतो हे मित्राचं म्हणणं खरं निघालं. पण तो लांबीने आणि कपॅसिटन्सने बदलतो, किमतीने नाही. सोनं गंजत नाही, म्हणून पिनेवर त्याचा उपयोग आहे, स्वराच्या उबेशी त्याचा संबंध नाही. केबलवर ‘सिग्नलची दिशा’ दाखवणारे बाण छापणारे आणि केबल वापरून तिचं तांबं ‘मुरवावं’ लागतं, असं सांगणारे विक्रेते आहेत. गिटारचा सिग्नल सेकंदाला शेकडो वेळा पुढे-मागे होतो, त्याला तांब्यात मुरायची एक दिशा कुठली? नवीन पोरं खाऊचे पैसे साठवून असल्या वस्तू घेतात, याचा मला मनापासून राग येतो. पाकिटावर दर मीटरचा कपॅसिटन्स छापला तर त्यांचा जास्त फायदा होईल.

आपल्याकडे या सगळ्या शोधाला फार पूर्वीपासून एक शब्द आहे, जवारी. मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यावर, तारेखाली सुताचा दोरा सरकवत कारागीर तो नेमका झंकार शोधतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं. तार एकाच सुरात वाजली तरी तिच्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे बारीक सूर मिसळलेले असतात, ते हार्मोनिक. नियम असा आहे की तार जिथे छेडाल, तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर, म्हणजे न हलणारा, बिंदू असेल तो हार्मोनिक उमटत नाही. तंबोरा हा नियम मोडतो, हे रामन यांनी दाखवलं, आणि ते घडतं घोडीच्या वक्र पृष्ठभागामुळे.

गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे तिच्या घोडीवर, तशी सोय नाही, त्यामुळे गिटार हा नियम पाळते. मोकळी तार तिच्या लांबीच्या पाचव्या हिश्श्यावर छेडली तर पाचवा हार्मोनिक गायब. पिकअपचंही तसंच. माझ्या गिटारचा नेककडचा (मानेजवळचा) पिकअप तारेच्या बरोबर चौथ्या हिश्श्यावर आहे, त्यामुळे मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘टोन बोटांत असतो’ हे त्या अर्थाने खरंच आहे. हात ब्रिजपासून दोन बोटं इकडे-तिकडे सरकला की हार्मोनिकचा हिशेब बदलतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज लहान असला की खर्जाकडचे स्वर कानाला जास्तच क्षीण वाटतात. घरचे झोपल्यावर हेडफोनवर दबक्या आवाजात जुळवलेला माझा प्रत्येक टोन सकाळी मोठ्याने लावला की खर्जाने घुमायचा. आता टोन रविवारी दुपारीच ठरवतो.

सध्या ६ मीटरचीच केबल वापरतो. फ्रिज बंद करतो आणि खिडकीकडे तोंड करून बसतो, कारण माझ्या खोलीत त्या दिशेला पिकअपमधली ५० हर्ट्झची घरघर सर्वांत कमी येते. मुखडा आता मनासारखा लागतो. अंतऱ्यात वरच्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या पुढे गेलं की स्वर अजून बारीक पडतो. तिथे तार अर्ध्याहून लहान होते आणि हात होता तिथेच राहिला तरी हिश्श्यांचं गणित बदलतं. या आठवड्यात तेवढ्या चार ओळींसाठी हात कुठे ठेवायचा ते शोधतोय, तारांखालच्या पिकगार्डवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर, पेन्सिलने खुणा केल्यात.