संगणक जुळणी : ऑपरेटिंग सिस्टीम व पूरक साहित्याचे अंदाजपत्रक

सुटे भाग घेऊन संगणक जुळवताना प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा भाग) आणि कॅबिनेट यांखेरीज जो खर्च येतो, त्याची आधीच केलेली तरतूद. ऑपरेटिंग सिस्टीमचा परवाना, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस, वाय-फायची सोय आणि बॅकअपची डिस्क ही त्यातील मुख्य कलमे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली अशा बाजारांत या संगणकाला ‘असेंबल्ड’ म्हणतात. दुकानातून मिळणाऱ्या कोटेशनमध्ये भागांचे मॉडेल क्रमांक नेमके लिहिलेले असतात. ऑपरेटिंग सिस्टीमची ओळ मात्र अनेकदा नसते, किंवा असली तरी तिच्यापुढे रक्कम नसते. घरगुती जुळणीचे अंदाजपत्रक बिघडते ते बहुधा इथेच. ती ओळ कोरी राहिली की संगणकात विनापरवाना विंडोज येते आणि आपण नेमके काय विकत घेतले, हे ग्राहकाला कळतच नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम शेवटी ठरवायची बाब समजली जाते, पण भाग निवडण्याआधीच तिचा निर्णय व्हायला हवा. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय), सिक्युअर बूटची म्हणजे खात्रीच्याच प्रोग्रॅमने संगणक सुरू होण्याची सोय असलेले यूईएफआय (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅम), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर आणि एएमडीच्या पहिल्या पिढीचे रायझन तिच्या अधिकृत यादीत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे सेकंडहँड बाजारात सातव्या पिढीचा आय-५ कितीही स्वस्त मिळाला, तरी विंडोज वापरणाऱ्याला तो पुढे महागात पडतो. लिनक्स वापरणाऱ्यासाठी मात्र तोच प्रोसेसर उत्तम खरेदी ठरू शकतो.

विंडोजचा परवाना सर्वसाधारणपणे तीन प्रकारांत मिळतो. रिटेल परवाना ग्राहकाच्या मालकीचा असतो आणि जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. ओईएम म्हणजे संगणक बनवणाऱ्यांसाठीचा परवाना तुलनेने स्वस्त, पण ज्या संगणकावर तो प्रथम बसवला त्याच्याशीच कायमचा बांधलेला. मदरबोर्ड बदलला की सहसा तो हातचा गेला. तिसरा व्हॉल्यूम परवाना संस्थांसाठी असतो आणि सुट्या ग्राहकाला त्याची विक्री होत नाही. विंडोज ११ होमच्या रिटेल परवान्याचा अमेरिकेतील अधिकृत दर १३९ डॉलर आणि प्रोचा १९९ डॉलर राहिला आहे. रुपयांत होमची ही रक्कम दहा हजारांच्या वर जाते. चाळीस हजारांच्या जुळणीत हा आकडा मदरबोर्डच्या किमतीलाही मागे टाकतो, म्हणून तो आधी मांडणे भाग आहे. प्रोमधील बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणे) किंवा रिमोट डेस्कटॉप (दुसरीकडून हा संगणक चालवणे) यांसारख्या सोयी घरी क्वचितच लागतात. तेवढा फरक रॅमवर खर्च केलेला बरा.

काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या ‘की’ (परवाना सक्रिय करण्याचे सांकेतिक क्रमांक) बहुधा व्हॉल्यूम किंवा ओईएम परवान्यांतून फुटलेल्या असतात. त्या चालू होतात, कधीकधी वर्षानुवर्षे चालतात. पण कंपनीने रद्द केल्या तर ग्राहकाकडे दाद मागण्यासारखे काही उरत नाही. ‘क्रॅक’ त्याहून वाईट. असे अनेक प्रोग्रॅम संस्थांमधील परवाने सक्रिय करणाऱ्या केएमएस सर्व्हरची नक्कल करून १८० दिवसांची मुदत वारंवार वाढवतात आणि ते चालावेत म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करायचे, त्यात अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम सर्वाधिकार देऊन बसवणे कोणत्याही बचतीसाठी योग्य नाही. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे: भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यावसायिक लाभासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते.

पैसे खरोखरच नसतील तर दोन प्रामाणिक मार्ग उरतात. पहिला म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज उतरवून ती सक्रिय न करता वापरणे. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दिसत राहते आणि वॉलपेपर, रंग वगैरे बदलण्याच्या सोयी बंद राहतात. परवान्याच्या अटींनुसार मात्र ही तात्पुरतीच सोय आहे, तेव्हा परवान्याची रक्कम पुढच्या महिन्यांच्या हिशेबात धरावी. दुसरा मार्ग लिनक्सचा. उबंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी निघतात आणि त्यांना पाच वर्षे विनामूल्य सुधारणा मिळतात. विंडोजची सवय असलेल्यांना लिनक्स मिंट लवकर हाताळता येते. सी-डॅक या सरकारी संस्थेने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये तयारच असतो आणि लिब्रेऑफिसची मराठी आवृत्ती फुकट मिळते. पण दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, डीटीपीचे काम श्री-लिपीवर चालत असेल किंवा घरातल्या मुलाला व्हॅलोरंट हा गेम खेळायचा असेल, तर विंडोजला पर्याय नाही आणि परवान्याची रक्कम धरलीच पाहिजे.

पूरक साहित्यात लहान गोष्टीच काम अडवतात. कमी किमतीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर वाय-फाय नसते. वेगळे कार्ड किंवा यूएसबी डोंगल घ्यावे लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतात, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच दिसत नाही. ‘के’ मालिकेसोबत कूलर येत नाही. विंडोज बसवण्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावर मदरबोर्डच्या लॅनचा (केबलने इंटरनेट जोडणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम आधीच ठेवावा, कारण विंडोज ११ होम बसवतानाच इंटरनेट मागते आणि नव्या लॅन चिपचा ड्रायव्हर तिच्याजवळ नसेल तर काम तिथेच थांबते. विंडोजमध्ये डिफेंडर अंगभूत असल्याने अँटिव्हायरससाठी घरगुती वापरात वेगळी रक्कम धरण्याची गरज नाही. ती बॅकअपच्या डिस्कवर घालावी.

जिथे वीज वारंवार जाते, तिथे यूपीएस ही चैन राहत नाही. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो. कार्यालयीन कामाच्या संगणकाला तो पुरतो, पण मोठे ग्राफिक्स कार्ड असेल तर मोठा घ्यावा. सक्रिय पॉवर फॅक्टर सुधारणा (वीज कार्यक्षमपणे ओढण्याची सोय) असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या सदोष लहरींवर नीट चालत नाहीत आणि वीज जाताच संगणक बंद पडतो, तेव्हा दोन्ही एकत्र निवडणे इष्ट. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हा खर्चही मनात ठेवावा. सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, हे यूपीएस घेण्यापूर्वी वायरमनकडून तपासून घ्यावे.

मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जुन्या संगणकाचे वापरता आले तर सर्वाधिक बचत होते. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए असेल तर नव्या कार्डासाठी अ‍ॅडॅप्टरची तरतूद करावी. परवान्याचे आणि प्रत्येक भागाचे जीएसटी बिल वेगळ्या ओळींत मागावे: वॉरंटी भागागणिक वेगळी असते आणि असेंबल्ड संगणकात ती त्या त्या भागाच्या उत्पादकाकडून मिळवावी लागते.